एका नावावर सात जणी

"खरं सांग पुष्पा, पासवर्ड कोणी वाटला?" विठ्ठलरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. माझी सून मान खाली घालून उभी.

तांड्यातल्या बायांची आमची तुरीची कंपनी. अध्यक्ष मी, रुपीबाई. शाळा दुसरीपर्यंत, पण तूर ओली की कोरडी हे मी दाताखाली धरून सांगते. विठ्ठलराव आमचे मॅनेजर, दिग्रसहून येतात. कंप्युटर पुष्पाकडे. कोणत्या गावची किती तूर आली, कुठल्या बाजारात काय भाव निघाला, हे रंगीत पट्ट्यांत दाखवणारं रिपोर्टाचं सॉफ्टवेअर ती चालवते. आज सकाळी ते बंद पडलं. एका नावावर सात जणी पाहत होत्या म्हणे.

ते विकणाऱ्या कंपनीचा पोरगा, अक्षय, यवतमाळहून आला होता. "आजी, लायसन माणसागणिक असते. कंप्युटरागणिक नाही."

"कंप्युटर आमचा, तूर आमची. मंग पैसे कायचे घेता? डोळ्यायचे?"

"डोळ्यायचेच!" तो हसला. "एस.टी.चा पास असते ना, तसं. फोटो ज्याचा, त्यानंच बसाचं. बहिणीच्या पासावर बसली तं कंडक्टर उतरवून देते."

पोरानं एवढं सोपं करून सांगितलं, तेव्हा कुठे मला कळलं. तो पास मीच वाटला होता.

तांड्यात एका घरी बकरा कापला की घरोघरी वाटे जातात. न पाठवणाऱ्याला कोणी माणसात धरत नाही. त्याच हिशेबानं मी महिन्याच्या बैठकीत सहा जणींना पासवर्ड लिहून द्यायला लावला. पुष्पा मला याडी म्हणते, म्हणजे आई. ती तेव्हा म्हणाली होती, "याडी, हे असं देत नसतात." मी म्हटलं, "तुह्या बापाचं आहे काय?"

आता तिनं माझं नाव घेतलं असतं तर त्या घडीला सुटली असती. घेतलं नाही. विठ्ठलरावांनी कागद पुढे सरकवला. पुष्पाला कामावरून कमी केल्याचा. बारावीनंतर दोन वर्षं हट्ट करून ती या खुर्चीपर्यंत आली होती. तिनं सहीसाठी पेन उचलला.

"ठेव तो पेन," मी म्हटलं. "पासवर्ड म्या वाटला. इनं नाही म्हणलं होतं, म्याच आयकलं नाही."

चाळीस वर्षांत माझी चूक माझ्या तोंडून कोणी ऐकली नव्हती.

"माय व! रुपीबाई चुकली म्हणते!" दाराशी जमलेल्या त्या सहा जणींतली भागीरथा ओरडली.

"तू गप. जावयाले भाव सांगाले तूच पाह्यत होती रोज."

सगळ्या हसल्या. विठ्ठलरावही हसले, आणि तो कागद फाडून त्यांनी खिशात घातला.

"आता सात लायसन घ्या लागतीन का रे?" मी अक्षयला विचारलं. वर्षाचा नफा त्यातच जाणार, असं विठ्ठलरावांचं तोंड सांगत होतं.

"गरज कोणाले आहे ते पाहू, आजी. रिपोर्ट बनवते कोण?"

"पुष्पा."

"अन् घडीघडी बदललेला आकडा कोणाले लागते?"

"या सहा जणीतली बादल खरेदीवर हिंडते, तिले. बाकीच्याईले सांजीले एकदा पाह्यलं तरी झालं. कागदावर काढून भिंतीले लावलं तं?"

"कागद कोणीबी पाहो. तुमच्या करारात तशी मोकळीक आहे."

"मंग दोनच ना?"

"दोनच. झालं ते न समजल्यानं झालं, असं मी वर कळवतो. आजच चालू होऊन जाईन."

सकाळपासून छातीवर ठेवलेलं पोतं कोणीतरी उतरवलं. मी खुर्ची ओढून पुष्पाजवळ बसले.

"अन् तुमचं नाव, आजी? अध्यक्ष आहा तुम्ही."

"मले कागद पुरते. पुष्पा, अक्षरं मोठी काढजो."

अक्षयनं पुष्पाला नवा पासवर्ड टाकायला सांगितलं. तिची बोटं अक्षरांवर गेली आणि थांबली. मी खांद्याशीच बसलेली. सासूला तोंड फिरव म्हणावं कसं?

माझ्या सासूसमोर मी बावीस वर्षं घुंगट घेतला. आज मी माझा पदर डोळ्यांवर ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं.

मागे टकटक सुरू झाली.