निळा रंग टिकला

गहिनीनाथचं नाक हेच त्याचं दुर्दैव होतं. मैलापाण्याच्या प्लँटवर नोकरीला आलेला माणूस पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावतो, चौथ्या दिवशी रुमाल खिशात ठेवतो आणि महिनाभरात टाकीच्या कठड्यावर बसून भाकरी खातो. गहिनीनाथला चार वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी फाटकापाशी सायकलवरून उतरलं की त्याचा हात रुमालाकडे जायचा. संध्याकाळी अंगावर पाणी घेतल्याशिवाय बायको मनकर्णा त्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही, आणि आंघोळ करून बसलं तरी ताटातल्या गरम भाताला त्याला तोच वास यायचा.

गावाचं नाव सांगत नाही. त्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नगरपालिकेनं गटारं बांधली, गटारांच्या पाण्यासाठी नदीकाठी हा प्लँट बांधला, त्याचं कोण कौतुक झालं! फेटे बांधून मंडळी आली, नारळ फोडला, पेढे खाल्ले आणि जी गेली ती परत म्हणून फिरकली नाहीत. प्लँट म्हणजे तरी काय? तोंडाशी एक लोखंडी जाळी, पुढे गाळ खाली बसायची खोल टाकी, आणि तिच्यापुढे उन्हावाऱ्यात पाणी पचावं म्हणून खोदलेलं उथळ तळं. तळ्यातलं पाणी शेवटी पाटानं नदीत जायचं. जाळीला जे अडकायचं ते सांगू नये असंच असायचं. केसांचे पुंजके, चिंध्या, फुगलेली घूस, बाळंतिणीची फडकी. ते सगळं दाताळ्यानं ओढून काढायचं काम लंकाबाईचं.

लंकाबाई पन्नाशीची होती. नदीच्या खालच्या अंगाला, प्लँटपासून तीन फर्लांगांवर सफाईवाल्यांची वस्ती होती, तिथली ती. ती जाळीवर वाकायची आणि गहिनीनाथ वाऱ्याची बाजू बघून लांब उभा राहून देखरेख करायचा. चार वर्षांत त्यानं तिच्या हातचं घोटभर पाणी कधी घेतलं नव्हतं, आणि तिनंही कधी पुढं केलं नव्हतं. आपण जातपात मानत नाही, आपल्याला फक्त घाणीची किळस आहे, असं तो स्वतःला सांगायचा. असं पुष्कळजण स्वतःला सांगतात.

त्याच्या कामात एकच गोष्ट त्याला आवडायची, ती म्हणजे बाटलीची परीक्षा. तळ्यातून बाहेर पडणारं पाणी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचं, त्यात निळ्या औषधाचे मोजून आठ थेंब टाकायचे, बूच घट्ट लावायचं आणि खोलीतल्या फळीवर ठेवून द्यायचं. पाच दिवस निळा रंग टिकला तर पाणी पचलेलं. त्याआधीच रंग उडून बाटली पांढरी पडली तर पाणी अजून आतल्या आत सडतंय. रजिस्टरात तसं लिहायचं. लंकाबाईला अक्षर येत नव्हतं, पण चार वर्षं बघून बघून बाटली तिला वाचता यायला लागली होती. झाडू टेकवून दारातूनच ती विचारायची, "आज काय म्हन्ती बाटली, भाऊसायेब?"

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. त्र्याहत्तरच्या मार्चात नदी म्हणजे नुसती वाळू उरली होती. गावानं आंघोळी आखडत्या घेतल्या, त्यामुळे गटारातून येणारं पाणी कमी आणि घट्ट झालं. त्यातच टाकीच्या तळाचा गाळ तीन वर्षं उपसला नव्हता, तो साठत साठत वरच्या पायऱ्यांपर्यंत चढला होता. गहिनीनाथनं पाच अर्ज केले, पाचही कुठल्या तरी कपाटात गेले. तळं काळं पडलं, त्यावर साय धरल्यासारखा थर आला आणि त्या थराला फोड येऊन फुटायला लागले. संध्याकाळी निळी ठेवलेली बाटली सकाळी धुवट पांढरी दिसायची. गहिनीनाथ रजिस्टरात खरं तेच लिहायचा, ‘रंग गेला’.

पण नदीत तेवढंच पाणी होतं. पाटातून पडायचं, वाळूत जिरायचं आणि वस्तीपाशी बायांनी खणलेल्या झिऱ्यात वर यायचं. वाळूतून आल्यामुळे दिसायला स्वच्छ दिसायचं. बाया त्यात धुणी धुवायच्या, शेरडांना पाजायच्या. प्यायला मात्र घेत नव्हत्या, कारण लंकाबाईनं ताकीद दिली होती. "बाटली पांढरी पडती. तोंडाला लावू नगा." प्यायच्या पाण्यासाठी त्या दोन मैलांवरच्या मळ्यातल्या विहिरीवर जायच्या आणि मळेकऱ्याची बायको वरून ओतील तेवढं घेऊन यायच्या.

वस्तीला टँकर द्यावा म्हणून अर्ज गेला होता. नगरहून साहेब पाहणीला येणार असं कळलं, तसे अध्यक्ष कारभारीअण्णा आयुष्यात दुसऱ्यांदा प्लँटवर आले. धोतराचा सोगा नाकाशी धरून ते खोलीत शिरले आणि खुर्चीवर आधी उपरणं झटकलं.

"गहिनीनाथ, टँकर दोनच आहेत," ते म्हणाले. "पेठेतली माणसं माझ्या दारात घागरी आपटतायत. वस्तीला झिरा आहे ना? त्याला पाणी पण आहे."

"अण्णा, ते पाणी आपल्या तळ्याचं आहे."

"मग तळ्याचं पाणी चांगलं आहे असं लिही. प्लँट कशाला बांधलाय? पाणी चांगलं करायलाच ना?"

"बाटली पांढरी पडते, अण्णा. साहेब बाटली बघणार."

कारभारीअण्णांनी फळीकडे पाहिलं. "बाटलीत कुठलं पाणी आहे हे बाटलीवर लिहिलेलं असतं का?" मग उठता उठता आवाज मऊ करून म्हणाले, "चार वर्षं हंगामी आहेस. पुढच्या सभेत तुला कायम करायचा विषय ठेवलाय. नाहीतर दुष्काळी कामावर खडी फोडायला पुष्कळ जागा आहे."

गहिनीनाथला त्यांची किळस आली. त्यांच्या झटकलेल्या उपरण्याची, नाकाशी धरलेल्या सोग्याची, त्या मऊ आवाजाची. ती त्याला मनापासून आली होती, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घरच्या रांजणातलं प्यायचं पाणी तांब्यात घेतलं, फडकं बांधून सायकलला लावलं आणि प्लँटवर येऊन बाटलीत ओतलं. मोजून आठ थेंब टाकले. पाच दिवस बाटली सणासुदीच्या कपड्यासारखी निळीशार राहिली. रजिस्टरात त्यानं लिहिलं, ‘निळा रंग टिकला’, आणि अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

साहेब आले, घाईत होते. त्यांनी रजिस्टर उलटवलं. "मागं तर रोजच रंग गेलेला दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"मागं बिघाड होता, आता दुरुस्त केलाय," कारभारीअण्णांनी परस्पर उत्तर दिलं. साहेबांनी गहिनीनाथकडे पाहिलं. गहिनीनाथनं मान हलवली. बाटली उजेडाकडे धरून साहेबांनी समाधानानं खाली ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या लंकाबाईला म्हणाले, "बाई, तुमच्या झिऱ्याला आता चांगलं पाणी येतंय बरं का."

लंकाबाईनं आधी बाटलीकडे बघितलं, मग गहिनीनाथकडे. तिचा चेहरा उजळला. "भाऊसायेबांनी लई मेहनत घेतली," ती साहेबांना म्हणाली. गहिनीनाथला त्या क्षणी भडभडून ओकारी आली आणि तो खोलीमागे जाऊन ओकला. वासानं झालं असेल, असं सगळ्यांना वाटलं.

टँकर वस्तीला मिळाला नाही. दोन मैलांची पायपीट वाचली म्हणून बाया खूश होत्या. पहिले चार दिवस काही झालं नाही, तेव्हा गहिनीनाथही मनाची समजूत घालायला लागला होता. वाळू पाणी गाळते, ह्यांना सवय असते, वगैरे. माणूस स्वतःला काय काय खाऊ घालतो! पाचव्या दिवशी लंकाबाई उशिरा आली. डोळे ओढलेले होते.

"कडूबाईला ढाळवांती लागलीया," ती म्हणाली. "माजी थोरली जाऊ. रातभर चाललंय. सकाळी गाडीत घालून दवाखान्यात नेली. आन आजून दोघी पडल्यात."

"काय खाल्लं होतं?"

"खायला हाय काय, भाऊसायेब? उन्हाचं आसंल. मी सांगितलंय पोरींना, पानी भरपूर प्या म्हनून."

गहिनीनाथनं हातातला टाक टाकला. तो तसाच बाहेर पडला, पाटाच्या कडेनं नदीत उतरला आणि भर उन्हात वाळूतून वस्तीकडे निघाला. लंकाबाई मागोमाग आली. झिऱ्यावर आठ-दहा बाया होत्या. वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत होत्या.

"हे पाणी पिऊ नका!" तो लांबूनच ओरडला. "हे चांगलं नाही. ओतून द्या."

बायांनी हात थांबवले. एक तरणी बाई, तिचं नाव मुक्ताबाई, घागर सोडून उभी राहिली. "का? आता ह्यो बी झिरा कुनाला पायजे झालाय व्हय?"

"तसं नाही. पाणी वाईट आहे."

"बाटली निळी हाय म्हन्ली आमची लंकामावशी. तुमच्या सायबानं सोता सांगितलं. आमाला पानी गावलं की ते वाईट ठरतंच. गावच्या विहिरीवरनं हाकललं तवाबी आसंच म्हन्ले हुते."

त्याच वेळी एक वाक्य त्यानं बोलायला हवं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण त्याला सभेतला विषय आठवला, खडीचे ढीग आठवले, साहेबांसमोर हललेली आपली मान आठवली, आणि वाक्य गिळलं गेलं. "माझ्यावर विश्वास ठेवा," एवढंच तो म्हणाला.

लंकाबाईला त्याची दया आली असावी. तिनं घागरीतून तांब्या भरला, पदरानं तांब्याचं बूड पुसलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्यापुढं धरला. "उन्हाचं आलाय तुमी. घ्या घोटभर. आमी रोज पितोय."

गहिनीनाथ तांब्याकडे पाहतच राहिला. पाणी नितळ होतं. त्याला मात्र त्यात ते काळं तळं दिसत होतं, फुटणारे फोड दिसत होते. त्याचं तोंड आपोआप वाकडं झालं, तो एक पाऊल मागे सरला.

मुक्ताबाई खदकन हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "बगा मावशी. पानी वाईट न्हाई. आपला हात वाईट हाय." ती बसली आणि पुन्हा वाटीनं पाणी भरायला लागली. बाकीच्याही बसल्या. एकीनं तर त्याच्या डोळ्यांदेखत ओंजळभर पिऊन दाखवलं.

लंकाबाईनं तांब्या हळूच मागे घेतला. ते त्याला सहन होईना. तो वळला आणि प्लँटच्या दिशेनं पळत सुटला.

टाकीपाशी लंकाबाईची बादली पडली होती. गहिनीनाथनं ती उचलली, टाकीच्या पायऱ्या उतरला आणि तीन वर्षांचा साठलेला काळाकुट्ट गाळ हातानं बादलीत ओढला. कोपरापर्यंत. तो ओकत होता आणि भरत होता. बादली खांद्यावर घेऊन तो परत वाळूतून धावला. गाळ मानेवरून, सदऱ्याच्या आत, पाठीवर ओघळत होता. बायांना वास आधी आला, मग तो दिसला. त्या ओरडून उठेपर्यंत त्यानं बादली झिऱ्यात उलटी केली.

मग जे व्हायचं ते झालं. बायांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुक्ताबाईनं मारलेला धोंडा त्याच्या कपाळाला लागला, दुसरा बरगडीला. तो हललाच नाही. आता कुणी पिणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि आपण फार मोठं काहीतरी केलं असंही त्याला वाटत होतं, मेल्याला!

"थांबा गं," लंकाबाई म्हणाली. ती त्याच्या अगदी जवळ आली. त्याला येणारा वास तिला नवा नव्हता. त्याच्या चेहऱ्याकडे बघत ती सावकाश बोलली. "भाऊसायेब, त्या बाटलीतलं पानी कुठलं हुतं?"

गहिनीनाथचे ओठ हलले. "घरचं," तो म्हणाला. "माझ्या घरच्या रांजणातलं."

 मुक्ताबाईच्या हातातला तिसरा धोंडा तसाच राहिला.

"मंग येवढंच तोंडानं सांगायचं हुतं की," लंकाबाई म्हणाली. "आमी उठलो आस्तो."

 तो पुटपुटला, "मी नगरला जातो. साहेबांना लिहून देतो, खोटं लिहिलं म्हणून. टँकर येईल."

"द्या लिहून," ती म्हणाली. मग झिऱ्यात पसरत चाललेल्या काळ्या गाळाकडे बघून तिनं लुगडं वर खोचलं. "आता शेरडं तोंड लावत्याल ह्याला. बुजवाया पायजे." ती काठावर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू आत ढकलायला लागली.

गहिनीनाथ पुढे झाला आणि तिच्या शेजारी वाकला.

"ऱ्हाऊ द्या," लंकाबाई वर न बघता म्हणाली. "तुमाला किळस यायची."