दोन्ही हात पेटीत असताना

एकोणीस दिवस माझं आणि प्रयोगशाळेतल्या सहकारिणीचं बोलणं बंद होतं. घरी बहिणीशी माझं भांडण जेवणाच्या वेळेपर्यंतही टिकत नाही. पण ही पडली केमिस्ट, बाई चिकाटीची.

आमची प्रयोगशाळा प्लास्टिकसारख्या पदार्थांपासून सोलर सेल बनवते. पदार्थ ती बनवते, काचेवर त्याचा पातळ थर मी देतो. तिने सहा महिने खपून बनवलेलं जांभळं द्रावण मी घाण पाणी समजून टाकाऊच्या डब्यात ओतलं. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. चिठ्ठी होती, मागच्या बाजूला. मला मनातून भयंकर लाज वाटत होती, पण कबूल कोण करणार? तिने मला ‘ढ’ म्हटलं आणि त्या दिवसापासून कामापुरतं बोललीच तर अहो-जाहो.

आज तिच्याकडे त्या द्रावणाचे तीन थेंब उरले होते. सरांनी ते माझ्याच हाती दिले, कारण माझा हात हलत नाही म्हणे.

या पदार्थाला हवा सोसत नाही, म्हणून काम काचेच्या बंद पेटीत चालतं. पेटीला लांब रबरी हातमोजे जोडलेले असतात, त्यांत कोपरापर्यंत हात घालायचे. मी नळीत तीन थेंब घेतले आणि नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.

हात बाहेर काढले तर थेंब नळीतच सुकणार. खांद्याला नाक पुरेना. काचेवर दाबून पाहिलं, काच गुळगुळीत. डोळ्यांत पाणी आलं, नळी थरथरू लागली. खोलीत ती एकटीच होती, पाठमोरी.

"जरा नाक खाजवतेस का?"

ती सावकाश वळली. "कोणाचं?"

"माझं! तुझे थेंब सांडतील गं!"

ती पेन्सिल घेऊन आली आणि नाकापासून बोटभर अंतरावर थांबली. "चिठ्ठी होती की नव्हती?"

"होती."

"कुठे?"

"मागे. मी बघितलंच नाही. चुकलो, शंभरदा चुकलो, आता खाजव!"

तिने खाजवलं. आईशप्पथ, पदवी मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. पेटीतल्या चकतीवर गरगर फिरणाऱ्या काचेच्या तुकड्यावर मी थेंब सोडले. जांभळा थर एकसारखा पसरला, कुठे डाग नाही.

"छान जमलाय रे," ती म्हणाली. ‘रे’ ऐकून मला नळीसकट नाचावंसं वाटलं.

काच आतल्या तव्यावर तापवायला तिने शेजारच्या मोज्यांत हात घातले. चिमट्यात काच धरली आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"ऐक ना... डावा कान."

मी मोज्यांतून हात काढले, पेन्सिल उचलली, खुर्ची ओढली, ऐसपैस बसलो. "आधी ‘ढ’ मागे घे."

तिने चिमट्यातल्या काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नीट विचार केला.

"खाजू दे," ती म्हणाली.

मी मुकाट्याने उठून तिचा कान खाजवला.