पूर्ण कोयता

“पूर्ण कोयता धरू का अर्धा, तेवढं सांगा,” धुळाजी मुकादम म्हणाला आणि बशीतला चहा फुंकत बसला.

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी निघाला तर तो अर्धा, आणि यंदा धुळाजीला अर्धे कोयते नकोच होते. मुंजाजी ओसरीवर मान खाली घालून काडीनं जमीन उकरत होता. त्याची बायको मंजुळा दाराला टेकून उभी होती. तिचा सहावा सरत आला होता. मध्ये चंद्रभागाबाई, मुंजाजीची आई, सुपात रेशनचे तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. वेचण्यासारखं दुसरं काही घरात नव्हतं. मांजरसुंब्याच्या अलीकडच्या त्या वाडीकडे पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, जनावरं छावणीत बांधली होती आणि दुधाच्या सोसायटीला कुलूप लागलं होतं. दसऱ्यानंतर वाडीत म्हातारी आणि पोरं तेवढी उरायची.

मंजुळानं शांतपणे सांगितलं की ती येणार नाही. बाळंतपण बीडच्या दवाखान्यात होईल, विमा त्यासाठीच काढलाय.

धुळाजी हसला. “तिथं बाया बाळंत होत न्हाईत का? मावशी, तुमीच सांगा हिला. मुंजाजी कुठं झाला?”

मुंजाजी कुठं झाला हे साऱ्या वाडीला पाठ होतं. चंद्रभागाबाईनं सकाळी मोळ्या बांधल्या, दुपारी उसाच्या सरीत बाळंत झाली आणि दिवस मावळायच्या आत पोर झोळीत टाकून पुन्हा मोळी उचलली. नव्या जोड्यांना धीर यावा म्हणून धुळाजी दर दसऱ्याला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचा. चंद्रभागाबाईनं ती कधी कुणाला सांगितली नव्हती.

विम्याची भानगड मात्र तिला उशिरा कळली होती, आणि कळली तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा मंजुळा सोसायटीत दुधाचं फॅट तपासायची. त्या पगारातून तिनं स्वतःचा आणि नवऱ्याचा विमा काढला. त्यात एक अट होती. बाळंतपणाचा खर्च मिळायला दोन वर्षं थांबायचं. मंजुळानं ठरवलं, थांबायचं. नवऱ्याला सांगितलं, सासूला नाही. सासूनं विमा आणि सून दोघांनाही एकदमच उंबऱ्याबाहेर काढलं असतं.

चंद्रभागाबाईला वाटलं, सुनेची कूस उजवत नाही. तिनं सोमवार धरले, धर्मापुरीच्या देवळात नवस बोलली. एका वैदूकडून चूर्ण आणलं आणि रोज रात्री दुधातून द्यायला लागली. मंजुळा ते दूध गुपचूप शेळीपुढं ठेवायची. शेळीला एका वेताला तीन पिल्लं झाली तेव्हा चंद्रभागाबाईला चूर्ण भारी असल्याची खात्री पटली, फक्त सुनेलाच ते का लागू पडत नाही हे कोडं उलगडेना. बाया पाणवठ्यावर मंजुळाला वांझ म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची आणि हंडा उचलून चालू लागायची. सोसायटी बंद पडली तशी ती मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या भाकऱ्या थापायला लागली. चूल एक वेळ थंड राहिली तरी चालेल, विमा तुटू द्यायचा नाही, हा तिचा हेका होता.

यंदा दिवस राहिले आणि तिनं खरं सांगितलं. “मी देवाला साकडं घातलं आन तू कागदाची वाट बघत व्हतीस व्हय?” असं म्हणून चंद्रभागाबाईनं अबोला धरला. तो मंजुळानंच मोडला. तिची थोरली बहीण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली होती. पहिल्यानं ठेवून घेतलं नव्हतं.

“मला माझी खाट आधीपासनं धरून ठेवायचीय, आत्याबाई,” ती म्हणाली होती. “दारातनं मला कुणी माघारी धाडू नये.”

दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या ताटात भाकरीवर गूळ पडू लागला.

आता तिघंही तिच्याकडे बघत होते. मुंजाजीच्या नजरेत लाचारी होती. मुकादमाकडून आगाऊ उचल मिळाली नाही तर हिवाळाभर खायचं काय, हे त्याला कळत नव्हतं, आणि बायकोला चल म्हणायची त्याची छातीही होत नव्हती.

चंद्रभागाबाईला धुळाजीच्या गोष्टीतली न सांगितलेली बाजू आठवली. मुंजाजीच्या आधी एक पोरगी झाली होती. तशीच सरीत, भर दुपारी. हातात कोयता होता, तो पदराला पुसून तिनं त्यानंच नाळ कापली. आठवड्यात पोरीचं तोंड मिटलं. दूध ओढेना, अंग लाकडासारखं ताठलं. तळावरची एक म्हातारी म्हणाली, लोखंड विस्तवात धरायचं होतंस गं बाई. मुंजाजीच्या वेळी तिनं धरलं होतं. पोरीला बांधाच्या कडेला पुरलं. पुढच्या वर्षी टोळी त्याच वाटेनं गेली, तर तिथं डोक्याच्या वर ऊस उभा होता आणि बांध कुठला ते तिला ओळखू येईना. नवऱ्यानं शपथ घातली म्हणून ती बोलली नाही, आणि तो गेल्यावर सांगायचं कुणाला, म्हणून राहूनच गेलं.

तिनं सूप बाजूला सारलं.

“पूर्ण धर,” ती म्हणाली.

“बघा,” धुळाजी खूश झाला. “मंजुळा, ऐकलंस?”

“मंजुळा न्हाई. मी येते.”

मुंजाजी दचकला. तिचे गुडघे गेलेत, उठताना भिंत धरावी लागते, असं काहीबाही तो बोलू लागला. धुळाजीही म्हणाला, मावशी, तुमचं वय झालं. चंद्रभागाबाई भिंत न धरता उठली. त्यासाठी तिला किती कष्ट पडले ते फक्त मंजुळाला दिसलं. सासूनं आढ्याला खोचलेला कोयता काढला आणि धुळाजीपुढं धरला.

“धार लावून आन. बोथट हाय.” मग सुनेकडे वळून म्हणाली, “तू तुझी खाट सोडू नगंस.”

पौषात टोळी सांगलीकडे होती. चंद्रभागाबाई रात्री गुडघ्यांना गरम विटेचा शेक घ्यायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी फडात असायची. ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढायची तेव्हा मुंजाजी खालून हात द्यायला जाई, तर ती त्याला सरक म्हणायची.

एका सकाळी मुंजाजी मोबाइल कानाला लावून सरीतून पळत आला. मुलगी झाली होती. बाळ बराच वेळ अडलं होतं, पण डॉक्टर उशाशी होते, म्हणून दोघी सुखरूप होत्या. विमा कंपनीनं दवाखान्याला खर्चाचा होकार आदल्या दिवशीच कळवला होता. चंद्रभागाबाईनं मोबाइल मागून घेतला.

“नाळ कशानं कापली गं?”

मंजुळाला क्षणभर उमगलं नाही. “कात्रीनं, आत्याबाई. कावून?”

“तापवून घेतल्ती का?”

“पाकिटातली व्हती. नर्सनं माझ्यापुढंच पाकीट फाडलं.”

“बरं. नीज आता,” चंद्रभागाबाई म्हणाली आणि मोबाइल परत दिला. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. मुंजाजीला वाटलं, आनंदाचं असेल. आज बस, मुकादमाला मी सांगतो, असं तो म्हणाला, आणि हसून पुढं म्हणाला, “आपल्या घरातली पयली पोरगी, माय.”

“दुसरी,” चंद्रभागाबाई म्हणाली.

मुंजाजी मोबाइल हातात घेऊन तसाच उभा राहिला. ती वाकली, ऊस मुठीत धरला आणि बुडख्याशी कोयता घातला.