शेपटीच्या खाचेपर्यंत

न्यूझीलंडला आल्यापासून सहा महिन्यांत शकुबाईंनी मुलाकडे काहीच मागितलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सागर, माका दर्यात जावचा आसा," तेव्हा सागरला वाटलं, आईला पुन्हा किनाऱ्यावर फिरायला जायचं आहे.

"जाऊ की. टिटाही बेला जाऊ. येताना आइसक्रीम खाऊ."

"किनाऱ्यावर नाही रे. आत. तुम्ही दोघं जाता तिथं, त्या प्लास्टिकच्या होडीतून. मला माझ्या हातानं एक मासा धरायचा आहे."

सागरनं बायकोकडे बघितलं. सुरुची टोस्टला लोणी लावत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिची सुरी थांबली.

शकुबाईंचा जन्म मालवणच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावरचा. बाप होडीवाला, भाऊ होडीवाले, नवरा काशिनाथ ट्रॉलरवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. स्वतः त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं बाजारात पाटीपुढे बसून मासे विकले. रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढायला गाव जमायचं तेव्हा त्याही कमरेला दोर अडकवून वाळूत उलट्या चालल्या होत्या. पण बाईमाणसानं होडीत चढायचं नाही असा त्यांच्या गावचा दंडक होता. दहा वर्षांच्या असताना एकदा पहाटे त्या शिडाच्या कापडाखाली लपून बसल्या होत्या. होडी पाण्यात लोटायच्या आधीच आजोबांनी कान धरून बाहेर काढलं, आणि आईनं दिवसभर बोलणं सोडलं. पुढे लग्न, मुलं, बाजार. आता गावात तसा दंडक कुणी पाळत नाही, पण बहात्तराव्या वर्षी मागायचं कुणाकडे? डिसेंबरात कोल्हापूरला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्यानंतर पुन्हा एवढा मोठा विमानप्रवास होईल न होईल. आणि परतीचं तिकीट होतं त्या दिवसापासून तिसऱ्या गुरुवारचं.

"आई, तिथलं पाणी थंड असतं," सागर म्हणाला.

"तुझी बायको उतरते ना त्यात? नारायण पेठेतली मुलगी. लग्न झालं तेव्हा बांगड्यातला काटा काढता येत नव्हता तिला. मी निवडून द्यायचे."

"आई, ते तुम्ही दर वर्षी सांगता," सुरुची म्हणाली.

"दर वर्षी खरंच असतं ते."

सुरुची हसली. वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात ती आठवडाभर फायली बघायची आणि शनिवार-रविवारी श्वास रोखून पाण्याखाली भाल्यानं मासे मारायची. सागरला बुडी जमत नसे. तो वर कयाकमध्ये बसून गळ टाकायचा आणि तिच्यावर लक्ष ठेवायचा.

"माझी हरकत नाही," ती म्हणाली. "पण आपली अट आहे ना, सागर?"

अट अशी होती की जो कयाकमध्ये बसणार त्यानं आधी छातीभर पाण्यात मुद्दाम पडून दाखवायचं आणि कुणाच्या मदतीशिवाय पुन्हा वर चढून दाखवायचं. सागरच्या ऑफिसातले दोन धट्टेकट्टे मित्र या अटीवर गळाले होते. आईही गळेल आणि प्रश्न मिटेल, असं त्याच्या मनात असावं.

टिटाही बेच्या वाळूवर सुरुचीनं सासूला आपला जुना वेटसूट घातला. पायात आधी पावाची रिकामी पिशवी चढवायची, मग पाय आत सरकवायचा, मग पिशवी ओढून काढायची. असं चारही हातापायांचं झालं. पाठीमागची चेन लागेना तेव्हा सुरुचीनं त्यांना श्वास सोडायला सांगितला.

"भरल्या वांग्यासारखी दिसत असेन मी."

"अहो, मी पहिल्यांदा घातला तेव्हा रडले होते," सुरुची म्हणाली. "तुम्ही निदान विनोद करताय."

पाण्यात पडणं शकुबाईंना सोपं गेलं. पोहणं तर त्या चालायच्या आधी शिकल्या होत्या. पण वर चढणं काही जमेना. दोन्ही हातांनी कयाकची कड धरून पाय मारले की अंग अर्धं वर यायचं, आणि गुडघा वाकवायची वेळ आली की कळ मारून पुन्हा खाली. तीनदा झालं. चौथ्यांदा सागर म्हणाला, "आई, राहू दे आता."

त्या पाण्यात उभ्या राहिल्या. ओठ निळे पडले होते. "गाडीत दोर आहे?" त्यांनी विचारलं.

सागरनं दोर आणून दिला. त्यांनी त्याचं एक टोक कयाकच्या मधल्या कडीला बांधलं, दुसऱ्या टोकाला पाऊल मावेल एवढा फास केला. गाठ अशी की ओझं पडलं तरी फास आवळू नये. जाळी दुरुस्त करताना शिकलेला हात होता तो, बघायची गरज पडत नव्हती. मग फासात पाऊल ठेवून, गुडघा जेमतेम वाकवून त्या रिकिबीवर पाय दिल्यासारख्या उभ्या राहिल्या, पोटावर आडव्या पडल्या, आणि कुशीवर वळून बसल्या.

"ही मदत धरायची का?" सुरुचीनं सागरला विचारलं.

सागरनं फास ओढून बघितला. मग म्हणाला, "तिनं स्वतः बांधलाय. नाही धरायची."

पण वेलिंग्टनचा वारा पुढचे दोन आठवडे कुणाचं ऐकेना. पहिल्या शनिवारी चाळीस नॉट, रविवारी लाटा, दुसऱ्या शनिवारी पाऊस आणि वारा दोन्ही. शकुबाई रोज संध्याकाळी सागरच्या फोनवर हवामान बघायच्या. रंगांवरून त्यांना कळायला लागलं होतं. जांभळा म्हणजे घरात बसा. निघायच्या आधीचा शेवटचा रविवार सकाळपासून फिकट निळा होता.

जॉन्सनव्हिलच्या घरून मकाराच्या किनाऱ्याला जायचा रस्ता डोंगरांतून वळत जातो. डोंगरांवरच्या पवनचक्क्या त्या दिवशी जेमतेम फिरत होत्या. समुद्र सपाट होता. गोट्यांच्या किनाऱ्यावरून दोन कयाक ओढत नेल्या. मोठीत पुढे शकुबाई, मागे वल्हं घेऊन सागर. लहानीत सुरुची, तिची भाल्याची बंदूक शेजारी बांधलेली.

किनारा मागे पडला तसं शकुबाईंचं बोलणं थांबलं. पाणी कुल्ल्यांच्या खाली चार बोटांवर होतं, आणि त्याची प्रत्येक हालचाल पाठीच्या कण्यातून जाणवत होती. वास ओळखीचा होता, पण बाजारातल्यासारखा शिळा नव्हता. बाप रोज पहाटे असा दर्यात जायचा, काशिनाथ जायचा, आणि घरी येऊन फक्त मासळीच्या दराबद्दल आणि डिझेलबद्दल बोलायचा. हे असं असतं म्हणून कुणी कधी सांगितलंच नाही.

टोकाच्या खडकापलीकडे केल्प या समुद्री शेवाळाचं रान लागलं. तपकिरी, चामड्यासारखे लांब पट्टे पाण्यावर पसरलेले, त्यांना फुग्यांच्या गाठी. खाली बघितलं तर देठ हिरव्या अंधारात उतरत गेलेले, नारळीच्या बागेत वरून डोकावल्यासारखे. सागरनं नांगर टाकला नाही. केल्पचे दोन जाड पट्टे ओढून त्यानं कयाकच्या कडीला गुंडाळले, आणि कयाक जागच्या जागी डुलायला लागली.

सुरुची मुखवटा लावून पाण्यात उतरली. बराच वेळ पालथी पडून हळूहळू श्वास घेत राहिली. मग कमरेत वाकली, तिच्या पायांत चढवलेले पोहायचे पंखे वर उचलले गेले आणि आवाज न करता नाहीसे झाले.

शकुबाई नकळत मोजायला लागल्या. "लाभ, दोन, तीन, चार..." मासळी मोजताना पहिल्या नगाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही सवय. तिसाच्या पुढे गेल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला.

"किती वेळ राहते ही?"

"पंचेचाळीसला येते," सागर म्हणाला. "पुण्याची आहे, वेळ पाळते."

त्रेचाळीसला सुरुचीचं डोकं वर आलं. तिसऱ्या बुडीत तिनं एक मोकी मासा मारून आणला, जाड ओठांचा, निळसर. रात्रीच्या जेवणाची सोय झाली. ज्या माशासाठी ते आले होते तो मात्र किंगफिश होता. शकुबाईंना आधी वाटलं होतं की किंगफिश म्हणजे आपली सुरमईच. पण हा वेगळा, हिरव्या पाठीचा, अंगावर पिवळी रेघ असलेला. तो केल्पच्या कडेनं गस्त घालतो आणि लहान माशांवर तुटून पडतो. सागरनं आमिषाला दोन लहान काहावाय मासे पकडले, एक जिवंतच गळाला लावला आणि दुसरा पाण्याच्या बादलीत ठेवला. काठी आणि रीळ शकुबाईंनी आधीच नाकारली होती, म्हणून जाड दोर, हातात रबरी मोजे.

अर्धा तास काहीच झालं नाही. दोर तर्जनीवरून गेला होता आणि त्यातून काहावायची थरथर येत होती. एकाएकी ती थरथर वेडी झाली. मग काहीच नाही. मग दोर असा पळाला की मोज्यातूनही चटका बसला.

"सोड, सोड, थोडा सोड," सागर मागून म्हणत होता.

"गप बस मेल्या."

रापणीचा दोर कमरेनं ओढायचा असतो, पण इथं मागे चालायला वाळू नव्हती. त्यांनी दोर जाऊ दिला, थकू दिला, दोन हात घेतला, एक हात दिला. कयाकचं तोंड फिरलं. खांद्यातून घाम वेटसूटमध्ये उतरला. तेवढ्यात मासा खाली वळला आणि दोर ताठ होऊन जागच्या जागी थांबला. ना येईना, ना जाईना.

"केल्पमध्ये गुंतला," सागर म्हणाला. त्यानं हात वर करून सुरुचीला बोलावलं. "ती खाली जाऊन एक भाला मारेल. झालं काम."

"नको."

"आई, नाहीतर दोर तुटेल."

"भाला मारला तर मासा तिचा झाला. गुंता सोडव म्हणावं फक्त."

सुरुचीनं पाण्यातूनच ते ऐकलं. तिनं बंदूक कयाकवर ठेवली आणि रिकाम्या हातांनी बुडी मारली. शकुबाईंनी मोजलं नाही. त्या दोराकडे बघत राहिल्या. खाली कुठंतरी दोर एकदा ढिला पडला, दुसऱ्यांदा पडला, आणि त्याच्या टोकाला पुन्हा जीव आला. सुरुची धापा टाकत वर आली. "मोठाय, आई. दांडगा आहे चांगला. ओढा."

पाच मिनिटांनी तो कयाकच्या कडेला आडवा झाला. सागरनं जाळीत घेऊन त्याला आईच्या मांडीवर ठेवलं आणि डोळ्यांवर ओला पंचा टाकला. शकुबाईंनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. हजारो मासे या हातांखालून गेले होते. डोकं आमटीला, मधल्या तुकड्या तळायला, हे त्यांना न ठरवताच दिसलं. पण हा मासा त्यांच्याकडे कुणी आणून टाकलेला नव्हता.

सागरनं मोजपट्टी लावली. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. "एक्क्याऐंशी. पंच्याहत्तरच्या आतला ठेवता येत नाही. हा बसतो."

सुरुची कयाकच्या कडेवर हनुवटी टेकून बघत होती. तिनं शेपटीकडे बघितलं. मग म्हणाली, "सागर, खाचेपर्यंत मोज."

सागरचा हात थांबला. त्याला नियम ठाऊक होता, इथं मासा शेपटीच्या खाचेपर्यंतच मोजतात. इतकी वर्षं तो इथल्या पद्धतीनंच मोजत आला होता. पण आई पुढे बसलेली, मासा तिच्या मांडीवर, आणि त्याचा हात मालवणच्या बाजारात गेला होता, जिथं सुरमई नेहमी टोकापर्यंतच मोजतात. त्यानं पट्टी शेपटीच्या मधल्या खाचेशी आणली. त्र्याहत्तर.

"पाण्याखाली मुखवट्यातून सगळंच मोठं दिसतं," सुरुची म्हणाली. "मी फसले."

"दोन सेंटिमीटर आहेत," सागर म्हणाला. त्याला आईकडे बघवत नव्हतं. "किनाऱ्यावर कोण मोजायला बसलंय? आई, तू सांग. तू म्हणशील तसं."

"हे पोर आहे का?" शकुबाईंनी सुरुचीला विचारलं.

"बहुतेक. मादी असेल तर अजून अंडी घातली नसतील."

शकुबाईंनी वीतभर सुरमईसुद्धा विकली होती. वाटे लावून, वर कोकम ठेवून, ग्राहकांना हाका मारून. सगळेच विकत होते. मग काशिनाथच्या शेवटच्या वर्षांत ट्रॉलर दोन-दोन दिवस राहून अर्ध्याच पेट्या भरून यायला लागला, आणि घरी कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. पंचा सरकला होता. माशाचा डोळा त्यांना दिसला. त्यांनी पंचा पुन्हा नीट केला.

"गळ काढ," त्या म्हणाल्या.

सागरनं पकडीनं गळ सोडवला आणि आईला सांगितलं, "लगेच टाकू नकोस पाण्यात. एका हातानं शेपटीच्या मुळाशी धर, दुसरा पोटाखाली. तोंड पुढे. त्याला श्वास घेऊ दे."

त्यांनी मोजे काढून तसेच पाण्यात टाकले. दोन्ही हात कोपरापर्यंत थंड पाण्यात गेले. मासा आधी लाकडासारखा जड होता. कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग शेपटीच्या मुळाशी एक हालचाल सुरू झाली. इतकी लहान की ती त्यांच्याच मनगटातली असावी असं वाटावं. ती पोटाकडे सरकत गेली, तळव्याखाली एक एक स्नायू जागा झाला. त्यांना मूठ उघडावीही लागली नाही. हिरवी पाठ एकदा वळली, केल्पच्या दोन देठांमधून गेली, आणि मग नुसते देठ हलत राहिले.

शकुबाईंचे हात अजून पाण्यातच होते.

"अरे, फोटो काढायचा राहिला," सागर म्हणाला.

"बरं झालं. गावात दाखवला असता तर सगळ्यांनी एकच विचारलं असतं, सोडलास कशाला म्हणून."

सुरुची कड धरून तरंगत होती. "आई, मी बोलले नसते तर..."

"तर घरी ओट्यावर मीच मोजला असता. आणि मग तुला बोलले असते, माहीत असून गप्प का बसलीस म्हणून." त्यांनी हात बाहेर काढले, मांडीवर पुसले. बोटं थंडीनं वाकत नव्हती. "मोजे दे गो ते इकडे."

सुरुचीनं तरंगणारे मोजे गोळा करून दिले.

"थकली असशील आता," सागर म्हणाला. "निघू या?"

"काहावाय उरलाय का एखादा?"

"आहे एक."

"मग लाव की. वारा कुठं सुटलाय अजून."

सागरनं मागून गळ पुढे दिला. शकुबाईंनी दोराची वेटोळी सोडवून मांडीवर नीट रचली, काहावाय केल्पच्या कडेला सोडला, आणि दोर तर्जनीवर घेऊन बसल्या.