कोमांदरों की कोमांदरियों?

कुपवाडच्या एमआयडीसीत जयराज पाटलांचं वर्कशॉप आहे. तिथं यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या पितळी नळ्या, म्हणजे बुश, बनतात. अपूर्वा तिथलं ऑफिस सांभाळते. ती माधवनगरहून स्कूटीवर येते आणि रविवारी साताऱ्याच्या गोदावरी मॅडमकडे ऑनलाइन फ्रेंच शिकते. गेल्या महिन्यात क्रियापदांच्या चाचणीत तिला वीसपैकी सात मिळाले होते.

जानेवारीत त्यांनी बोटींचे पंप बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीला नमुने पाठवले होते. मार्चमध्ये उत्तर आलं. जयराजनं ते मोबाईलवरच मराठी करून घेतलं : 'आम्ही दोन हजार नग मागवू. ते खाऱ्या पाण्यात चारशे तास टिकले.'

"टिकले म्हणतायत! पास झालो!" जयराज उठलाच. "पितळ मागवतो. उद्यापासून दोन शिफ्ट."

अपूर्वानं मूळ मेल उघडला आणि एका शब्दावर थांबली. 'मागवू' हे कोमांदरों. इथं होतं कोमांदरियों.

"दादा, पाच मिनिटं थांबता?"

तिनं बाहेर जाऊन मॅडमना फोन लावला आणि तो शब्द वाचून दाखवला. मॅडम म्हणाल्या, "सात मार्कांची भीती सोड. शाळेत मराठीच्या व्याकरणात क्रियापदांचे अर्थ शिकलीस ना? स्वार्थ, आज्ञार्थ..."

"संकेतार्थ!" अपूर्वा ओरडली. "इंग्लिशमधलं वुड! पण मॅडम, 'टिकले' तर भूतकाळ दिसतोय."

"त्याच्या आधी बघ. 'सि' आहे का?"

होता. मोबाईलनं तेवढा 'जर' गाळला होता.

आत येऊन तिनं सांगितलं, "दादा, ते टिकले नाहीत. टिकले तर मागवू, असं म्हणतायत. आपण नाही का म्हणत, 'पावणे आले तर चहा टाकू'? 'आले' दिसतं झालेलं, पण आलेलं कुणीच नसतं."

जयराजचा चेहरा पडला. "एका अक्षरासाठी माल थांबवू? चुकलीस तर?"

लेथवरचे ज्योतिबाकाका दारात ऐकत उभे होते. "आवं मालक, पोरगी बघून गेल्यात, पत्रिका जुळली तर करू म्हणत्यात. आन तुमी मांडव घालाय निघाला व्हय?"

जयराजला हसू आवरलं नाही. त्यानं पितळ मागवलं नाही. सहा बुश मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवले. अकराव्या दिवशी चारांवर लालसर चट्टे उठले. जयराज बराच वेळ ते बोटानं घासत राहिला. मग म्हणाला, "दोन हजार असे गेले असते तर..."

"हाही संकेतार्थच," अपूर्वा म्हणाली.

त्यांनी तांब्यात कथील मिसळलेल्या गनमेटलचे नवे सहा बुश बनवले. सतरा दिवस, म्हणजे चारशे तासांवर, पाण्यात राहून ते जसेच्या तसे निघाले. अपूर्वानं फ्रेंचमध्ये खरं ते लिहिलं : पहिले टिकले नाहीत, हे टिकले, पाठवत आहोत. पाठवण्याआधी तिनं एकेक क्रियापद वहीत ताडून पाहिलं.

मे महिन्यात पंधराशे नगांची ऑर्डर आली. कंपनीच्या बाई व्हिडिओ कॉलवर येणार म्हटल्यावर ज्योतिबाकाका अपूर्वामागे लागले, "मला बी एक वाक्य शिकीव गड्या. 'बसा' कसं म्हणायचं?"

"असेये वू. हा आज्ञार्थ."

पडद्यावर बाई उभ्यानंच बोलू लागल्या, तोच काका पुढं झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "असेये वू!"

बाई खळखळून हसल्या आणि खुर्ची ओढून खरोखरच बसल्या.