पंधरा अर्ज

रविवारी सकाळी सुखदेव वानखेडे यांनी दिल्लीतल्या आपल्याच मंडळाची वेबसाइट उघडली, तर रमीची जाहिरात आली. त्यांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा रमी.

"समता, बघ गं. आपल्या साइटवर हे पत्ते कुठून आले?"

मुलीने चहाचा कप खाली ठेवून पाहिलं. नाव तेच होतं, 'दिल्लीआसरा'. विदर्भ-मराठवाड्यातून उपचारासाठी दिल्लीत येणाऱ्यांनी कुठे उतरायचं, कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा, मराठी बोलणारं कोण भेटेल, हे सगळं त्या साइटवर असायचं. नांदेड, हिंगोली, यवतमाळकडच्या दवाखान्यांत साइटचं कार्ड वाटलेलं होतं. कार्डावर फोन नंबर नव्हता, फक्त हे नाव होतं.

"बाबा, साइटचं नाव रिन्यू नाही झालं. मेल आले असतील तुम्हाला."

"एकही नाही."

"कुठला ईमेल दिला होता?"

"ऑफिसचा. सरकारी ईमेल पक्का असतो म्हणून."

सुखदेव केंद्राच्या एका मंत्रालयातून गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. त्यांच्यामागे तो ईमेलही बंद झाला आणि साइटचं नाव देणाऱ्या कंपनीच्या सगळ्या सूचना तिथेच गेल्या.

समताने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्र होती. "मैडम, टाइम निकल गया. अब बुकिंग चल रही है." अशी नावं कायमची विकत मिळत नाहीत, मुदतीवर मिळतात. मुदत संपली की जुन्या मालकाला थोडी सवड देतात आणि त्यानंतर कंपनी ते नाव नव्या गिऱ्हाइकाला विकते. समताने लगेच बुकिंग करून टाकलं.

सोमवारी ती नोएडाहून ऑफिस सुटल्यावर मयूर विहारला घरी आली, तेव्हा सुखदेव खुशीत होते.

"काम फत्ते. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं मी, सगळ्यांनी बुकिंग करा म्हणून. गाझियाबादच्या सुगतने तर बायकोच्या नावानेही केलं. आपल्या बाजूने चौदा झाले!"

"चौदा कशाला?"

"अगं, फ्लॅटच्या सोडतीला काय केलं होतं? मी अर्ज भरला, तुझ्या दोन्ही काकांनी भरला. म्हणून तर एकाला लागला. जितके अर्ज, तितका चान्स."

समताने लॅपटॉप उघडून नियम वाचला. मग वडिलांकडे स्क्रीन फिरवली.

"बाबा, ही सोडत नाही. एकाचंच बुकिंग असेल तर नाव ठरलेल्या दरात त्याला मिळतं. जास्त असतील तर त्यांच्यात लिलाव होतो. आणि किती बुकिंग आहेत ते सगळ्या जगाला दिसतं. हे बघा."

नावापुढे आकडा होता. पंधरा.

"आपले चौदा," सुखदेव म्हणाले. "पंधरावा कोण?"

"नावांचा धंदा करणारा कोणीतरी. आज दुपारीच आलाय. चौदा लोक मागतायत म्हणजे माल चांगला, असं वाटलं असणार त्याला."

स्वयंपाकघरातून समताची आई रमाबाई म्हणाल्या, "यांच्या हातात ग्रुप देऊच नये."

"अगं, मी भल्यासाठीच..."

"भल्यासाठीच तर म्हणते."

आपल्या बाकीच्या तेरा जणांनी बोली लावू नये, असं समताने ग्रुपवर कळवलं. लिलावाच्या दिवशी दोघंच उरले, ती आणि तो पंधरावा. तिने आकडा वाढवला की तो लगेच वर जायचा. मंडळाने ठरवलेली रक्कम ओलांडली गेली.

"अजून टाक," सुखदेव म्हणाले. "माझ्या पेन्शनमधून देतो मी."

"बाबा, आपण जितकं वर जाऊ, तितकी त्याची खात्री पटतेय. उद्या आपण जिंकलो तरी पुढच्या मुदतीला तो परत येईल."

"आणि कार्डं?"

तिने हात कीबोर्डवरून काढून घेतला. थोड्या वेळाने नाव त्याचं झालं.

त्या रात्री तिने नवं नाव घेतलं, स्वतःच्या ईमेलवर. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुखदेव जेवणाच्या टेबलाशी बसून एकेका दवाखान्याला फोन करत होते.

"जय भीम, सिस्टर. ते कार्ड काढून टाका. हो, सगळी. नवी येईपर्यंत माझा नंबर लिहून द्या." मग ते ऐकत राहिले. "काल? दोघं? नंबर आहे का त्यांचा?... लागत नाही. कोणत्या गाडीने निघाले?"

त्यांनी फोन खाली ठेवला.

"नांदेडचे भाऊसाहेब म्हणून आहेत. बायको चंद्रप्रभाबाईंना घेऊन निघालेत, सचखंड एक्सप्रेसने, आज पोचतील. हातात आपलं जुनं कार्ड. बाईंना नीट चालता येत नाही."

समताने ऑफिसला उशिरा येते असं कळवलं. नवी दिल्ली स्टेशनवर ती फलाटाच्या मधोमध उभी राहिली, हातात भाऊसाहेबांचं नाव मराठीत लिहिलेला पुठ्ठा धरून. गर्दी बरीच ओसरल्यावर एक धोतरातले गृहस्थ दिसले. एका हाताने बायकोला धरून दुसऱ्या हातातल्या फोनकडे ते पाहत होते. दोन हमाल आणि एक टॅक्सीवाला त्यांच्याभोवती होते.

"भाऊसाहेब?"

त्यांनी आधी पुठ्ठा वाचला, मग फोन तिच्यापुढे धरला. "ताई, सिस्टरनं सांगितलं तसंच केलं बघा. पण इथं पत्त्यांचा डाव येतोय. आमचंच काही चुकलं का?"

"नाही काका, चूक आमची आहे. तो फोन आत ठेवा." तिने चंद्रप्रभाबाईंचा दुसरा हात धरला. "पायऱ्या आहेत. सावकाश."