भिंतीपलीकडची

"या सुटीत बर्फात जायचं," थोरलीने जाहीर केलं आणि धाकट्याने मतदान चालल्यासारखा लगेच हात वर केला. जेवणाचं टेबल अजून पुसायचं होतं. त्यांची आई चष्म्याचं दुकान चालवायची. दिवसभर लोकांच्या कानांवर काड्या बसवून ती नुकतीच घरी आली होती. तिने मुलांना डोळ्यांनी खुणावलं, आजीसमोर हा विषय नको.

आजी म्हणजे तिची आई. तरुणपणी ती डोंगरातल्या एका दवाखान्यात नर्स होती आणि एका हिवाळ्यात तो दवाखाना बर्फाखाली गेला होता. घरात एवढंच माहीत होतं. ती कधी भिंतीला लागून झोपायची नाही. शेजारी कुणी खिळा ठोकायला लागलं, की हातातलं काम टाकून चमचा घ्यायची आणि आपल्या बाजूने ठोके द्यायची. मुलं त्याला 'आजीचा वायरलेस' म्हणायची.

पण आज आजीच म्हणाली, "जाऊ या की." लॅपटॉप स्वतःकडे ओढून तिने फोटो बघितले. घसरगाड्या आणि शेकोटीकडे तिचं लक्ष नव्हतं. "भिंती दगडी आहेत का लाकडी?"

"आजी, तू काय घर विकत घेणारेस?" धाकटा म्हणाला. सगळे हसले. आजी हसली नाही.

बर्फावरचं ऊन डोळ्यांना सोसत नाही, म्हणून आजीच्या लेकीने तिला गडद भिंगांचा चष्मा करायला घेतला. दुपारी दुकान रिकामं असताना तिने आईला खुर्चीत बसवलं, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं, फ्रेमची नाकपट्टी जराशी दाबली. भिंगं घासायचं चक्र मागच्या भिंतीपाशी होतं, पण ते बंद होतं. तेवढ्यात त्या भिंतीतून ठोके आले. ठक, ठक. जरा थांबून पुन्हा ठक.

लेकीचा हात फ्रेमवर तसाच राहिला. त्या भिंतीपलीकडे कुंपण घातलेली मोकळी जागा होती. तिथे कुणी जात नसे.

"तुलाही ऐकू आलं?" आईने विचारलं. ती घाबरली नव्हती. उलट तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

"पाइप असेल, आई."

"हो. इतकी वर्षं मीही पाइपच म्हणतेय."

मग तिने सांगितलं. छप्पर बसलं तेव्हा ती औषधांच्या खोलीत अडकली आणि दवाखान्यातली स्वयंपाकीणबाई भिंतीच्या पलीकडे. हाका पोचत नव्हत्या, ठोके पोचत होते. एकीने ठोकायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. त्यावरच दोघींनी धीर धरला.

"मग तिचे ठोके थांबले?" लेकीने हळूच विचारलं.

"नाही गं. माझे थांबले." आईने फ्रेम काढून मांडीवर ठेवली. "मला आधी बाहेर काढलं. ओढत होते तेव्हासुद्धा ती ठोकतच होती. मी ओरडून सांगितलं, पलीकडे बाई आहे म्हणून. ते गेले, पण पोचेपर्यंत उशीर झाला. तिला काय वाटलं असेल सांग. मी मेले, असंच ना? एकटीच ठोकत बसली असेल बिचारी."

लेकीने आपलं स्टूल जवळ ओढलं आणि आईचा हात हातात घेतला. "आपण समुद्रावर जाऊ या. मुलांना मी समजावते."

"नको. मला बर्फातच जायचंय. ती बर्फातच राहिली, तिथे तिला माझं ऐकू येईल."

घरी आल्यावर लेकीने मुलांना सगळं सांगितलं. धाकटा त्यानंतर वायरलेसबद्दल काही बोलला नाही. संध्याकाळी तिने डोंगरातल्या गेस्टहाउसला फोन लावला आणि आजीला जिना चढायला नको म्हणून खालची खोली मागितली.

"खाली एकच आहे," मालक म्हणाला, "पण ती मी शक्यतो देत नाही. मागची भिंत डोंगराला लागून आहे. थंडीत त्यातून आवाज येतात, लोक तक्रारी करतात."

फोन स्पीकरवर होता. भाजी निवडता निवडता आजी म्हणाली, "तीच घे."

थोरलीने आधी आजीकडे बघितलं, मग आईकडे. "मी आजीबरोबर झोपणार," ती म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता, पण ती मागे हटली नाही.

ते पोचले तेव्हा खोलीच्या खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ साचला होता. आजीने स्वतः सांगून पलंग मागच्या भिंतीला लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक चहा घेऊन आत गेली, तर थोरली पांघरूण घट्ट धरून बसली होती. भिंतीतून ठोके येत होते. सावकाश, दमलेल्या माणसाने द्यावेत तसे.

आजीने चमचा मागितला नाही. तिने बोटाच्या पेरांनी उत्तर दिलं. मग भिंतीजवळ तोंड नेऊन, वॉर्डातल्या पेशंटशी बोलावं तशी ती म्हणाली, "बाई, मी मेले नव्हते. मला बाहेर काढलं होतं. तुला सांगायला कुणी वेळच दिला नाही. आता ठोकू नकोस, दमशील."

ठोके थांबले. बऱ्याच वेळाने एकच आला, अगदी हलका. त्यानंतर काही नाही.

आजीने पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, "माझे बूट कुठे ठेवलेत?"

मुलांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर नेलं. थोड्याच वेळात खिडकीतून तिचा आवाज आला, "अरे हळू, माझी हाडं सुटी होतील!" आणि पाठोपाठ मुलांचं खिदळणं.

लेक खोलीत एकटीच मागे राहिली होती. पांघरुणाची घडी घालता घालता ती थांबली आणि तिने भिंतीला कान लावला. दगड गारठलेला होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. बाहेरून मुलं हाका मारत होती, "आई, ये ना!" पण पुन्हा ठोका आला आणि उत्तर द्यायला कुणीच नसलं तर, या विचाराने तिला तिथून कान काढवेना.